टिंबानंतरची यादी

शाळेच्या निकालाचं पान आहे. डावीकडे मुलांची नावं, उजवीकडे गुण. जँगो हे फ्रेमवर्क नुकतंच शिकलेल्या एका मुलीने ते बनवलंय. सगळं लिहून झाल्यावर तिने ब्राउझर उघडला, तर गुण जिथल्या तिथे आणि नावांचा रकाना मात्र वरपासून खालपर्यंत कोरा. एरर कुठेच नाही. तिने डेटाबेस पाहिला, नावं शाबूत होती. क्वेरी पाहिली, ती बरोबर होती. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. पाऊण तास गेल्यावर दिसलं की टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या साच्यात, 'स्टुडंट' लिहून, टिंब देऊन पुढे 'फुल नेम' लिहिताना इंग्रजी 'फुल'मधला एक 'एल' राहून गेला होता.

जँगो शिकणाऱ्यांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. टेम्प्लेटमध्ये न सापडणारं नाव आलं तर ती जागा रिकामी ठेवायची आणि बाकीचं पान दाखवायचं, हा जँगोचा मूळचा नियम आहे. एका शब्दापायी वाचकासमोर अख्खं पान कोसळू नये, हा त्यामागचा विचार. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स नावाच्या गावातल्या वर्तमानपत्रात जन्मलेल्या आणि २००५मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या फ्रेमवर्कला तो शोभतो. खरी अडचण कोड लिहायच्या एडिटरपाशी आहे. तीच मुलगी त्याच एडिटरमध्ये पायथन या जँगोच्या भाषेतली फाईल उघडते, एखाद्या नावापुढे टिंब देते, तेव्हा एडिटर लगेच यादी पुढे करतो: यातलं कुठलं हवंय? टेम्प्लेटच्या फाईलमध्ये मात्र तोच एडिटर गप्प बसतो. तिथे 'फुल' आणि 'फुळ' त्याला सारखेच.

फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइटचा तयार सांगाडा. लॉगिन, फॉर्म, डेटाबेसशी देवघेव ही रोजची कामं आधीच करून ठेवलेली असतात; आपण आपल्या गरजेपुरतं भरायचं. जँगो, रेल्स, लाराव्हेल, व्ह्यू, स्वेल्ट ही नावाजलेली फ्रेमवर्क्स ओपन सोर्स आहेत, म्हणजे त्यांचा कोड कुणीही वाचावा, वापरावा, बदलावा. त्यांच्याबद्दल बोलताना वेग, सुरक्षितता, डॉक्युमेंटेशन यांची चर्चा भरपूर होते. पण लिहिणारा माणूस दिवसाचे आठ तास ज्या खिडकीसमोर बसतो, तिथे ते फ्रेमवर्क किती ओळखीचं वाटतं, हा प्रश्न बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी विचारला जातो. नवशिक्याची खरी परीक्षा नेमकी तिथे होते. अनुभवी माणसाला नावं पाठ असतात. नवख्याला ती टिंबानंतरच्या यादीतूनच कळतात, आणि इंग्रजी डॉक्युमेंटेशन अडखळत वाचणाऱ्या मुलाला तर ती यादी म्हणजे शेजारी बसून शिकवणारा मोठा भाऊच.

रेल्सची गोष्ट या बाबतीत फार बोलकी आहे. २००४मध्ये आलेल्या रेल्सची ख्याती पसरली ती २००५मधल्या एका व्हिडिओमुळे. त्यात रेल्सचे जनक डेव्हिड हाइनमायर हॅन्सन पंधरा मिनिटांत ब्लॉग बांधून दाखवतात. पाहणाऱ्यांनी रेल्स पाहिलं आणि त्यासोबत टेक्स्टमेट नावाचा मॅकवरचा छोटासा एडिटरही पाहिला. दोनचार अक्षरं लिहून टॅब दाबला की कोडचा अख्खा तुकडा उमटायचा. फ्रेमवर्क आणि एडिटर एकमेकांच्या आधाराने वाढले. टेक्स्टमेटने कोड रंगवण्यासाठी जी व्याकरणं वापरली, त्यांचा साचा आज व्हीएस कोड हा एडिटरही वापरतो.

पण रंगवणं आणि समजणं यांत फरक आहे. ही व्याकरणं अक्षरांचा आकार ओळखतात: अवतरणचिन्हात आहे म्हणून हा मजकूर, अमुक खुणेनंतर आलं म्हणून ही टिप्पणी. 'फुल नेम' नावाचं काही खरोखर आहे की नाही, हे त्यांना ठाऊक नसतं.

एडिटरला अर्थ कळला की काय होतं, हे पुण्यात जन्मलेल्या टी. व्ही. रामन यांच्या कामात स्वच्छ दिसतं. चौदाव्या वर्षी दृष्टी गेलेले रामन पुण्याच्या वाडिया कॉलेजात गणित शिकले, मुंबईच्या आयआयटीतून पुढे अमेरिकेत कॉर्नेलला गेले आणि १९९४मध्ये तिथे डॉक्टरेट मिळवली. १९९५मध्ये त्यांनी ईमॅक्सस्पीक ही प्रणाली खुली केली. पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवणारी साधनं तेव्हाही होती. रामन यांनी वेगळी वाट धरली. ईमॅक्स या एडिटरला आतून जे माहीत आहे तेच त्यांनी आवाजात आणलं. डोळस माणसाला टिप्पणी वेगळ्या रंगात दिसते, तर ईमॅक्सस्पीकमध्ये ती वेगळ्या आवाजात ऐकू येते. भाषेचे राखीव शब्द आणखी निराळ्या सुरात. हे जमलं ते एडिटरला 'ही टिप्पणी आहे' हे आधीच माहीत होतं म्हणून. ज्याला दुसऱ्या खिडकीत डॉक्युमेंटेशन उघडून नजर टाकणं शक्य नाही, त्याच्यासाठी एडिटरच्या ज्ञानाची किंमत कितीतरी जास्त असते. 'एडिटरची मदत म्हणजे आळशांचे लाड' असं म्हणणारे जुनेजाणते आजही भेटतात. त्यांनी हे काम जरूर पाहावं.

बरीच वर्षं अडचण हिशेबाची होती. समजा वीस भाषा आहेत आणि दहा एडिटर. प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषा शिकवायची तर दोनशे जोडण्या लिहाव्या लागणार, आणि त्या सांभाळाव्याही लागणार. जून २०१६मध्ये मायक्रोसॉफ्टने रेड हॅट आणि कोडएन्व्ही या कंपन्यांसोबत एक सामाईक बोली जाहीर केली: लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल, रोजच्या बोलण्यात एलएसपी. भाषेची जाण असलेला एक स्वतंत्र प्रोग्रॅम मागे चालू राहतो, तो लँग्वेज सर्व्हर. एडिटर त्याला ठरलेल्या शब्दांत विचारतो: अमुक फाईल, बारावी ओळ, आठवं अक्षर, इथे काय काय लिहिता येईल? सर्व्हर यादी परत पाठवतो. 'हे नाव कुठे ठरवलंय?', 'याचा अर्थ काय?' हेही याच बोलीत विचारता येतं. दोनशे जोडण्यांचं काम तिसावर आलं. प्रत्येक मोबाइलचा चार्जर वेगळा असण्याचे दिवस आठवत असतील, त्यांना ही सुटका किती मोठी आहे हे सांगायला नको. व्हीएस कोडसोबतच विम आणि ईमॅक्ससारख्या जुन्या एडिटरांनाही नवी दृष्टी मिळाली.

जावास्क्रिप्टवर बेतलेल्या टाइपस्क्रिप्टची रचना तर पहिल्यापासून एडिटरची गरज डोळ्यांसमोर ठेवून झालेली. २०१२मध्ये ती भाषा आणणारे अँडर्स हेल्सबर्ग हेच १९८३च्या टर्बो पास्कलचे कर्ते, आणि लिहिणं व चालवणं एकाच पडद्यावर आणणाऱ्या त्या पॅकेजवर महाराष्ट्रातल्याही कित्येक इंजिनिअरांनी पास्कलचे धडे गिरवलेत.

मग भाषेचा प्रश्न सुटला, तर फ्रेमवर्कचा का सुटू नये?

कारण फ्रेमवर्क भाषेला वाकवतं. तीच त्याची कमाल असते आणि तिथेच एडिटरचा पाय अडतो. लाराव्हेलमध्ये 'कॅश' हे नाव लिहून थेट 'गेट' म्हणता येतं. पण 'कॅश' नावाच्या त्या क्लासमध्ये 'गेट' असं काही लिहिलेलंच नसतं. कोड चालतो तेव्हा, त्या क्षणी, लाराव्हेल मागच्या मागे खऱ्या वस्तूला शोधून काम तिच्याकडे सोपवतं. वाचायला फार सुटसुटीत. एडिटर मात्र कोड चालवत नाही, नुसता वाचतो, आणि त्याला तिथे काही सापडत नाही. यावर नेदरलँड्समधल्या एका प्रोग्रॅमरने 'लाराव्हेल आयडीई हेल्पर' नावाचं पॅकेज लिहिलं. एक कमांड दिली की ते अशी फाईल तयार करतं ज्यात 'कॅश'च्या 'गेट'पासून सगळी कामं रीतसर मांडलेली असतात. ही फाईल साइट चालताना कधीच वापरली जात नाही. ती फक्त एडिटरने वाचावी म्हणून असते. असंख्य लाराव्हेल प्रकल्पांत ही फाईल वर्षानुवर्षं सांभाळली गेली. २०११मध्ये आलेल्या लाराव्हेलच्या कंपनीने व्हीएस कोडसाठी स्वतःचं अधिकृत एक्स्टेन्शन लोकांच्या हाती दिलं ते २०२४च्या अखेरीस. मधली तेरा वर्षं ही भिंत बाहेरच्या माणसांनी टेकू लावून उभी ठेवली, याची नोंद झाली पाहिजे.

व्ह्यू आणि स्वेल्ट यांची अडचण आणखी निराळी. त्यांच्या एकाच फाईलमध्ये तीन भाषा नांदतात: वर जावास्क्रिप्ट, मध्ये एचटीएमएलसारखा साचा, खाली सीएसएस. साच्याच्या मधोमध महिरपी कंसात पुन्हा जावास्क्रिप्टची नावं. टाइपस्क्रिप्टला ही खिचडी दाखवली तर त्याला ती उमगत नाही. यावर निघालेला तोडगा मोठा हुशारीचा आहे. स्वेल्टचा लँग्वेज सर्व्हर मूळ फाईल वाचतो आणि तिच्यावरून मनातल्या मनात दुसरी फाईल रचतो, टाइपस्क्रिप्टला कळेल अशा भाषेत. मग ती कल्पित फाईल टाइपस्क्रिप्टपुढे ठेवून विचारतो, काही चुकलंय का? समजा उत्तर आलं, साठाव्या ओळीत चूक आहे. पण लिहिणाऱ्याच्या फाईलमध्ये साठावी ओळ नाहीच! म्हणून कुठलं अक्षर कुठून आलं याचा नकाशा सतत जवळ बाळगावा लागतो, आणि दर वेळी उलट चालत जाऊन लाल रेघ अचूक शब्दाखाली काढावी लागते. तीही बोट कीबोर्डवरून उचललं जाण्याच्या आत. अर्ध्या लिहिलेल्या, मोडक्या फाईलवर. कोड चालवणाऱ्या कम्पायलरला निदान पूर्ण झालेली फाईल मिळते. लँग्वेज सर्व्हरच्या नशिबी कायम अर्धवट वाक्यं.

व्ह्यूने याची किंमत मोजली. सप्टेंबर २०२०मध्ये व्ह्यूची तिसरी आवृत्ती आली, पण तिच्याकडे वळावं यासाठी लोकांना सोबतची साधनंही हवी होती. आधी वेटुर नावाचं एक्स्टेन्शन होतं. नव्या आवृत्तीसाठी व्होलार नावाचं दुसरं उभं राहिलं, ते मुख्यतः जॉन्सन चू या एका माणसाच्या मेहनतीवर. फेब्रुवारी २०२२मध्ये तिसरी आवृत्ती व्ह्यूची मुख्य आवृत्ती झाली, तेव्हा तयारीच्या यादीत नव्या डॉक्युमेंटेशनसोबत व्होलारचंही नाव होतं. फ्रेमवर्क सतरा महिने आधी चालू झालं होतं. ते 'तयार' म्हणवलं गेलं ते एडिटरची बाजू सावरल्यावर. पुढे व्होलारचा गाभा वेगळा काढून इतरांना खुला केला गेला, आणि ॲस्ट्रो हे फ्रेमवर्क त्याच पायावर आपली एडिटरची साधनं चालवतं.

उलट्या दिशेने सुरुवात केलेलं एक फ्रेमवर्क आहे, आणि त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं. कोलंबियाचे सेबास्तियान रामिरेझ यांनी डिसेंबर २०१८मध्ये फास्टएपीआय खुलं केलं. फ्रेमवर्क लिहायला घेण्याआधीच त्यांनी आपले निर्णय वेगवेगळ्या एडिटरांत वापरून पाहिले होते: इथे सजेशन येतंय का, तिथे चूक कळतेय का. पायथनमध्ये २०१५च्या ३.५ या आवृत्तीपासून नावापुढे त्याचा प्रकार लिहिण्याची सोय होती. 'आयटम आयडी' लिहून, विसर्गासारखी दोन टिंबं देऊन, पुढे 'इंट' लिहायचं, म्हणजे ही पूर्ण संख्या आहे. बहुतेकांनी तिच्याकडे शोभेची टिप्पणी म्हणून पाहिलं. रामिरेझ यांनी त्या तीन अक्षरांना तीन कामं दिली. पत्त्यात संख्येऐवजी 'आंबा' असं आलं तर फास्टएपीआय स्वतःच ते नाकारतं, चूक समजावून सांगतं. त्याच अक्षरांवरून डॉक्युमेंटेशनचं पान आपोआप बनतं. आणि एडिटरला कळतं की ही संख्या आहे, हिच्यावर मजकुराच्या क्रिया चालणार नाहीत. एकदा लिहायचं, सर्व्हर, वाचक आणि एडिटर तिघांनी तेच वाचायचं.

तरीही एका जागी गाडी अडलेली होती. फास्टएपीआयचा आधार असलेली पायडँटिक ही लायब्ररी क्लासमधल्या नोंदी पाहून तो क्लास कसा बनवायचा हे चालताना ठरवते. व्हीएस कोडच्या सर्व्हरला हा व्यवहार दिसत नव्हता. एका लायब्ररीसाठी खास अपवाद लिहून भागलं असतं, पण मग दुसरी उभी राहिली असती, तिसरी. शेवटी प्रश्न पायथन भाषेकडेच गेला. पीईपी ६८१ नावाचा प्रस्ताव मंजूर झाला आणि ऑक्टोबर २०२२च्या ३.११ या आवृत्तीत अशी खूण आली की जी लावून कुठलीही लायब्ररी एडिटरला सांगू शकते, 'माझे क्लास या रीतीने बनतात.' टिंबानंतरची यादी अचूक यावी एवढ्यासाठी भाषेत भर पडली.

मुंबईतलं उदाहरण तर अगदी घरचं. रुषभ मेहता यांनी २००८मध्ये सुरू केलेल्या फ्रॅपे या कंपनीचं फ्रॅपे फ्रेमवर्क ओपन सोर्स आहे, आणि जगभर वापरली जाणारी ईआरपीनेक्स्ट ही हिशेब-साठा-विक्रीची प्रणाली त्यावरच उभी आहे. फ्रॅपेची खासियत म्हणजे डॉकटाइप. 'विक्रीचं बिल' म्हणजे काय, त्यात ग्राहक, तारीख, रक्कम असे कुठले रकाने, हे ब्राउझरमधल्या फॉर्मवर भरायचं. टेबल, पडदा, परवानग्या सगळं त्यावरून तयार होतं. कोड न येणाऱ्या माणसालाही नवा रकाना जोडता येतो. पण त्यामुळे रकान्यांची नावं पायथनच्या फाईलमध्ये कुठेच नसतात. बिलावरची रक्कम तपासणारा कोड लिहिताना टिंब दिलं की एडिटरकडे दाखवायला काही नसे. मग ब्राउझरमध्ये डॉकटाइप उघडा, रकान्याचं आतलं नाव शोधा, परत या, लिहा. दिवसातून चाळीस वेळा.

२०२३मधल्या पंधराव्या आवृत्तीत फ्रॅपेने यावर उपाय आणला. डॉकटाइप जतन केला की त्याच्या पायथन फाईलमध्ये एक चौकट आपोआप लिहिली जाते. वर सूचना: हा भाग यंत्राने लिहिलाय, याला हात लावू नका. खाली एक अट, 'टाइप चेकिंग' चालू असेल तर. त्या अटीच्या पोटात एकेक रकाना आपल्या प्रकारासह: ही रक्कम, ही तारीख, हा ग्राहकाचा दुवा. प्रोग्रॅम चालतो तेव्हा ही अट कायम खोटी असते, म्हणून या ओळींचा भार त्याच्यावर पडत नाही. प्रकार तपासणारी साधनं मात्र ती अट खरी धरून वाचतात. लाराव्हेलच्या त्या मदतनीस फाईलचीच ही कल्पना, पण इथे ती फ्रेमवर्कच्या आत, त्याच्या कर्त्यांनी बसवलेली. फॉर्मवर कुणी रकान्याचं नाव बदललं तर जतन करताच चौकटही बदलते.

फ्रेमवर्कच्या घरातच हे काम व्हावं, असं ठामपणे म्हणायला हवं. बाहेरचा स्वयंसेवक कितीही तळमळीचा असला तरी तो मागून धावतो. नवी आवृत्ती आली की त्याचं एक्स्टेन्शन मोडतं, वापरणारे त्याच्याच दारात तक्रारी घेऊन उभे राहतात, आणि पगार त्याला कुणीच देत नसतं. अँग्युलर या फ्रेमवर्कच्या गूगलमधल्या संघाने लँग्वेज सर्व्हिस स्वतःच्या कम्पायलरवरच बसवली, म्हणून कम्पायलरला कळणारी चूक एडिटरलाही कळते. पण प्रत्येक फ्रेमवर्कमागे गूगल नसतं. जँगोच्या टेम्प्लेटची चांगली समज अनेक वर्षं पायचार्म या एडिटरच्या पैसे भरून घ्यायच्या आवृत्तीत होती, फुकटच्या आवृत्तीत नव्हती. व्हीएस कोडमधलं पायथनचं पायलान्स हे एक्स्टेन्शन फुकट मिळतं, पण त्याचा परवाना मायक्रोसॉफ्टच्या साधनांपुरताच आहे; त्याच्या पोटातला पायराइट हा भाग तेवढा खुला. म्हणजे फ्रेमवर्क खुलं, भाषा खुली, आणि ते नीट लिहिता यावं यासाठीची खिडकी मात्र अर्धी बंद. कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्या संगणकावर शिकणाऱ्या मुलाला हा भेद लगेच जाणवतो.

आता कोड एआय लिहून देतो, मग या खटाटोपाची गरज काय, असं विचारलं जातं. पण एआय मजकुराच्या अंदाजावर चालतो. अस्तित्वात नसलेलं, तरी अगदी खरं वाटणारं नाव तो बिनदिक्कत सुचवतो. ते नाव खरंच आहे का, हे सांगणारा लँग्वेज सर्व्हर आणि टाइप चेकर हेच असतात, आणि स्वतः कोड बदलणारी एआयची साधनं त्यांनी दाखवलेल्या चुका वाचूनही आपला कोड दुरुस्त करतात. ज्या टेम्प्लेटमध्ये माणसाला लाल रेघ दिसत नाही, तिथे एआयलाही ती मिळत नाही. निकालाच्या पानावरचा तो सुटलेला 'एल' एआयच्या हातून सुटला असता, तरी नावांचा रकाना तितकाच कोरा राहिला असता, आणि पाऊण तास त्या मुलीचाच गेला असता.